मांजराची नोकरी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पाऊस जरा उघडला की संध्याकाळी आम्ही चार-पाच म्हाताऱ्या रस्त्याकडेच्या कट्ट्यावर येऊन बसतो. आमचं कोन आता धड गाव राहिलेलं नाही आणि धड शहरही झालेलं नाही. एकीकडे द्रुतगती मार्गाची घरघर, दुसरीकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे ट्रक, आणि मध्ये जिथे भातखाचरं होती तिथे उभे राहिलेले उंच उंच टॉवर. अशाच एका टॉवरमध्ये मी मुलाकडे राहते. कट्ट्यावर येणाऱ्या आक्का मात्र गिरणी कामगारांना मिळालेल्या घरांत राहतात. डिसेंबर २०१६ मध्ये कोनच्या २,४१७ घरांची सोडत निघाली होती, त्यात त्यांच्या यजमानांचा नंबर लागला. पुढे २०२० मध्ये करोना आला आणि त्या इमारतींमध्ये विलगीकरण केंद्र झालं. घराची चावी हाती आली तेव्हा यजमान राहिले नव्हते. आक्का मुलगा, सून आणि नातवाबरोबर लालबागची चाळ सोडून इथे आल्या. सोबत एक पितळी हंडा, यजमानांची गोधडी आणि मनी.

मनी म्हणजे मांजर. सहा वर्षांची, पांढरी, पाठीवर दोन काळे ठिपके.

त्या दिवशी आक्का कट्ट्यावर आल्या त्या रडवेल्या होऊनच. म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या हाय. आमच्या मनीला काय झालंय सांगा बघू. येड लागल्यागत करतीय."

मग एकेक कळलं. पहिले दोन दिवस मनी पलंगाखालून बाहेरच आली नाही. नंतर पहाटे साडेतीन-चारला उठून बंद दारापाशी बसून ओरडायला लागली. सोफ्याचं कापड नखांनी ओरबाडलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली. शेवटी तिने यजमानांच्या त्या गोधडीवर लघवी केली. सुनेने मनीला पनवेलला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि म्हणाले, खडा नाही, जंतू नाहीत, हिला ताण आलाय. यावर नातू हसला. "मांजराला कसला ताण? वेळेवर खायला मिळतंय, दिवसभर झोपायला मिळतंय, ऊन नाही पाऊस नाही. हिला अजून काय पाहिजे?" आणि त्याने ठरवलं की रविवारी हिला पिशवीत घालायचं आणि मासळी बाजारात सोडून यायचं. तिथे तिला खायला तरी मिळेल.

रविवारला चार दिवस होते.

मी तेहतीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवला. मांजराचं वैद्यक मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मी काही मांजरवेडीही नाही. पण नातवाचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. "हिला अजून काय पाहिजे?" मला वाटलं, हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे. मांजर आपल्या घरात आलं कशाला, इतकी वर्षं करत काय होतं, आणि दार बंद करून त्याला आत ठेवायला आपण कधी लागलो, हे कळलं तर उत्तर सापडेल. म्हणून थोडं वाचलं, थोडं आठवलं. तेच इथे मांडते.

मांजर माणसाने पाळलं असं आपण सहज म्हणतो. ते तितकंसं खरं नाही. गाय, बैल, घोडा यांना माणसाने दावं बांधून आणलं. मांजर आपल्या पायांनी आलं. दहा हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य पेरू लागला, साठवू लागला. धान्य आलं तिथे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे त्या भागातलं रानमांजर आलं. माणसाने त्याला हाकललं नाही, इतकंच. आज जगभर जी घरगुती मांजरं आहेत त्यांचं मूळ त्याच रानमांजरात आहे, हे २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. त्याआधी २००४ मध्ये सायप्रस बेटावर फ्रेंच संशोधकांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडल्याचं जाहीर झालं. माणसाच्या सांगाड्याजवळच एक मांजर पुरलेलं! त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी त्याला होडीतून नेलं होतं.

आपल्याकडची गोष्ट तर मी वर्गात नेहमी सांगत असे. सिंधमध्ये चन्हुदडो नावाचं सिंधू संस्कृतीचं ठिकाण आहे. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी तिथे उत्खनन केलं. त्यात एक वीट मिळाली. वीट ओली असताना, वाळत घातलेली असताना, तिच्यावरून एक मांजर पळालं आणि त्याच्या मागे एक कुत्रा. दोघांच्या पावलांचे ठसे विटेत तसेच राहिले. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती पळापळ! राजांच्या सनावळ्या विसरणारी मुलं ही वीट मात्र कधी विसरत नसत.

आता आपल्या पनवेलकडे येऊ. हा सगळा भाग भाताचा. माझं माहेर याच तालुक्यातलं. भात झोडून झालं की ते कणगीत भरत. बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली मोठी कणगी माजघराच्या कोपऱ्यात असे. वर माळा, त्यावर आढं, त्यावर कौलं. मांजर कौलांवरून येई, आढ्यावरून चाले, माळ्यावर पिल्लं घाली आणि पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवून आणी. रात्री कणगीमागे खुडबुड झाली की आजी अंथरुणातूनच म्हणे, "मने, बघ गं." आणि मनी बघे. प्रत्येक घरच्या मांजरीचं नाव मनीच असे, याची आज गंमत वाटते. जणू ते नाव नव्हतंच, हुद्दा होता.

लाड मात्र नव्हते. जेवणं झाल्यावर थोडा दूधभात मिळे. दही-दुधाची मडकी शिंक्यावर टांगलेली असत, कारण कणगीची पहारेकरी हीच आणि दुधाची चोरही हीच. "शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं" ही म्हण त्यातूनच आली. आजी तिला पोटभर कधी देत नसे. "पोट भरलं तर उंदीर कोण धरील?" असं तिचं म्हणणं. आजीची क्षमा मागून सांगते, ते चूक होतं. मांजर भुकेसाठी शिकार करतं हे खरं, पण भूक नसतानाही करतं. दबा धरणं, टक लावून बघणं, झेप घेणं हे त्याच्या अंगातच आहे. पोट भरलं म्हणून ते थांबत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मांजर मारणं हे पाप होतं. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आम्हा मुलांना बजावलेलं असे. ज्याच्याकडे चांदीचा रुपया नाही तो सोन्याचं मांजर कुठून आणणार? म्हणून मुलं मांजराला दगड मारताना दहादा विचार करत. त्यामागे शास्त्र काय ते मला माहीत नाही, पण ज्या समाजाचं वर्षाचं अन्न एका कणगीत असतं त्याने कणगीच्या राखणदाराला असं संरक्षण दिलं, यात मला शहाणपण दिसतं.

मांजराच्या नोकरीला सरकारी मान्यता मिळायची वेळही आपल्या महाराष्ट्रात आली होती. फार थोड्यांना हे माहीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याच्या वखारी. पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. पुण्यात १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली. पण प्लेग नेमका पसरतो कसा हे सुरुवातीला कुणालाच कळत नव्हतं. घरं धुतली, सामान जाळलं, माणसांना छावण्यांत नेलं. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. त्यावर लगेच कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत हजारो उंदीर तपासले गेले, तेव्हा ते पक्कं झालं.

आणि मग अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांना मांजर आठवलं. त्यांनी गावोगाव घरटी मांजरं मोजली. त्यांचं म्हणणं असं की ज्या गावात निम्म्याहून जास्त घरांत मांजर आहे ते गाव प्लेगमधून वाचतं. १९०८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख छापून आला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानला गेले होते, त्यांनीही तिथे मांजरं पाळायचा सल्ला दिला. वऱ्हाडातल्या कुठल्याशा खेड्यातल्या मनीची अशी जगभर चर्चा झाली!

पण इतिहासाच्या शिक्षकाने अर्धी गोष्ट सांगून थांबू नये. ब्युकॅनन यांचा हिशेब पुरता खरा नव्हता. मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि आजारी मांजरापासून माणसालाही होऊ शकतो, हे पुढे अमेरिकेतल्या उदाहरणांवरून कळलं. शिवाय मांजर लहान उंदरांना, चिचुंद्रीएवढ्या जिवांना भारी पडतं. मोठा उंदीर समोर आला की ते विचार करतं. न्यूयॉर्कच्या एका कचरा-केंद्रात संशोधकांनी पाच महिने कॅमेरे लावून पाहिलं, त्याचा निष्कर्ष २०१८ साली आला. तिथल्या मांजरांनी त्या काळात फक्त दोन उंदीर मारले. मांजर दिसलं की उंदीर लपून बसत, एवढाच काय तो परिणाम. आक्कांना हे सांगितलं तर त्या खो खो हसल्या. "आवो, लालबागची घूस बघितली का तुम्ही? आमची मनी तिला वाट सोडायची!"

प्लेगनंतर मुंबई बदलली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. १९२० नंतर बीडीडी चाळी आल्या. आक्कांची चाळ खासगी मालकाची होती, पण घडण तीच. दहा बाय बाराची खोली, समोर लांबलचक गॅलरी, टोकाला सामाईक नळ आणि संडास. चाळीतलं मांजर कुण्या एका घराचं नसतं. ते गॅलरीचं असतं. आक्कांची मनी सकाळी त्यांच्याकडे दूध पिई, दुपारी पलीकडच्या खोलीत शिवणयंत्राखाली झोपे, चारला जिन्यात उन्हाला बसे. सहाच्या सुमारास कोळीण टोपली घेऊन यायची. मनी त्याआधी पाच मिनिटं जिन्याच्या तोंडाशी हजर. टोपली उतरली की डोकी-शेपट्या तिच्या वाटणीच्या. रात्री पत्र्यावर बोक्यांशी मारामारी. यजमान रात्रपाळी करून यायचे तेव्हाच्या आधीच्या मांजरी तर त्यांची वाट बघत जिन्यात बसायच्या म्हणे. गिरणीतही कॅन्टीनच्या मागे मांजरं असायची, असं ते सांगत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतरच्या गिरणगावाची कहाणी मी इथे नव्याने सांगत नाही. आक्कांनी एकाच वाक्यात सांगितली. "भोंगा थांबला आन् माणसं घरात बसली." बसून राहिलेल्या माणसाचं काय होतं हे त्यांनी बारा वर्षं जवळून बघितलं होतं.

आता दार बंद कधी झालं ते बघू. मांजर कायम घरात ठेवायचं तर एक मोठी अडचण होती, ती म्हणजे त्याचा संडास. राख, वाळू, माती वापरून लोक बघत, पण वास जात नसे. म्हणून मांजराला रात्री बाहेर काढत. १९४७ साली, आपण स्वातंत्र्याच्या गडबडीत होतो तेव्हा, अमेरिकेत मिशिगनमध्ये एका बाईंनी थंडीत वाळू गोठली म्हणून एडवर्ड लो नावाच्या व्यापाऱ्याकडे वाळू मागितली. त्याने वाळूऐवजी कारखान्यातलं सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती दाणेदार माती दिली. ती वास धरून ठेवते असं दिसलं आणि त्याने ती पिशव्या भरून विकायला सुरुवात केली. तिला फुलर्स अर्थ म्हणतात. म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्याच जातकुळीतली. फुलर म्हणजे लोकरीचं कापड धुऊन घट्ट करणारा कारागीर, तो ही माती वापरायचा. कापडवाल्यांची माती अशी मांजरांच्या कामी आली.

म्हणजे बघा, दहा हजार वर्षांच्या सोबतीत चार भिंतींच्या आत जन्म काढणारं मांजर घरोघर दिसू लागलं त्याला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी वर्षं झाली. माझ्याच वयाची गोष्ट! कणगी गेली, उंदीर गेले, कौलं गेली, गॅलरी गेली. मांजराला त्याची खबरच नाही. त्याचे कान अजून कणगीमागची खुडबुड ऐकायला तयार असतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला, उंदीर बाहेर पडायच्या वेळी, त्याला जाग येते. मनी साडेतीनला उठून ओरडत होती ती वेडी झाली म्हणून नाही. ती पाळीवर आली होती. गेट बंद होतं.

हे नुसतं माझं काव्य नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन नावाच्या पशुवैद्यांनी मनीसारख्याच मांजरांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. लघवीला त्रास, रक्त, भलतीकडे लघवी करणं, पण तपासणीत काहीच सापडत नाही अशी मांजरं. त्यांना दिसलं की घरातलं वातावरण सुधारलं, लपायला-चढायला जागा दिली, खेळवलं, रोजचा क्रम ठरावीक ठेवला की दुखणं पुष्कळ कमी होतं. २०१३ मध्ये मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन संस्थांनी मिळून पाच गोष्टी ठरवून दिल्या. सुरक्षित कोपरा. अन्न, पाणी, संडास, झोपायची जागा यांची वेगवेगळी ठिकाणं. शिकारीसारखा खेळ. माणसांची रोजची, न दचकवणारी माया. आणि मांजराच्या नाकाचा मान राखणं. मी ही यादी वाचली आणि हसूच आलं. माझ्या माहेरच्या घरात या पाचही गोष्टी होत्या, कुणी ठरवून केल्या नव्हत्या!

शनिवारी सकाळी मी आक्कांच्या घरी गेले. ३२० चौरस फुटांचं घर, अकरावा मजला. नातू घरीच होता. मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझे आजोबा गिरणी बंद झाल्यावर कसे होते, आजीला विचार. त्यांनाही खायला मिळत होतं, झोपायला मिळत होतं." तो काही बोलला नाही. आक्का भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला. मग म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. नाही जमलं तर तू म्हणशील तसं. पण बाजारात नको. तिथली मांजरं तिला उभी राहू देणार नाहीत. आपण एखादं घर शोधू." तो "बरं" म्हणाला.

सगळ्यात आधी खिडक्यांना जाळी. कबुतरांसाठी लावतात तीच, पण पक्की. उंचावरून पडूनही मांजर वाचतं असं लोक सांगतात आणि पुष्कळदा वाचतंही, पण जबडा, छाती, पाय मोडतात. मग खिडकीला लागून एक फळी बसवली. तिथून रस्ता दिसतो, झाडावरचे साळुंकी-कावळे दिसतात. कपाटावरची बोचकी काढून तिथे जुनं पोतं अंथरलं आणि तिथवर चढायला स्टूल ठेवलं. झाला माळा! दुसऱ्या एका मोडक्या स्टुलाच्या पायाला काथ्या गच्च गुंडाळला. नखं घासणं ही मांजराची खोड नाही, गरज आहे. त्यातून ते जुनी नखं झाडतं, अंग ताणतं आणि आपला वास ठेवतं. सोफ्याशेजारीच तो काथ्या ठेवला, म्हणजे सोफा सुटला.

संडासाची पाटी दाराजवळच्या रहदारीतून काढून शांत कोपऱ्यात नेली, रोज दोनदा साफ करायला सुरुवात केली. पाण्याचं भांडं जेवणापासून लांब. गोधडी सुनेने फिनेलने धुतली होती. तसल्या उग्र वासाने मांजर आणखी बिथरतं आणि फिनेल त्याला विषारीही असतं. म्हणून गोधडी साध्या साबणाने पुन्हा धुऊन कपाटात ठेवली, आणि चाळीतून आणलेलं न धुतलेलं एक जुनं पातळ मनीच्या फळीवर घातलं. आपला वास, आपलं घर.

जेवणाचं सगळ्यांत महत्त्वाचं. आधी सुनबाई एकदाच मोठी वाटी भरून ठेवत. आता तेवढंच खाणं पाच वाट्यांत केलं, आणि त्यातल्या दोन लपवल्या. कधी अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत, कधी कागदाच्या बोळ्यात, कधी फळीवर. मनी हुंगत शोधते, पंजाने काढते, मग खाते. दूध बंद केलं. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. खारवलेलं सुकटही बंद, त्याऐवजी काटे काढलेला उकडलेला मासा, मीठ-कांदा-लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराला अपायकारक. फुलदाणीतली लिलीची फुलं तर घरात आणूच नयेत, त्याने मूत्रपिंडं निकामी होतात.

आणि खेळ. काठीला दोरी, दोरीला कोंबडीचं पीस. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, तिन्हीसांजेला आणि रात्री झोपण्याआधी. पीस तिच्या तोंडासमोर नाचवायचं नाही, उंदरासारखं तिच्यापासून लांब पळवायचं, पलंगाच्या पायामागे दडवायचं. शेवटी तिला ते पकडू द्यायचं आणि लगेच जेवण द्यायचं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा तिचा क्रम. खेळ झाला की दोरी उचलून ठेवायची, गिळली तर आतडी कापते. हे काम नातवाने घेतलं. आधी लाजत होता. चौथ्या दिवशी मी गेले तर जमिनीवर पालथा पडून पीस सरकवत होता आणि मनी पितळी हंड्यामागे दबा धरून, कमरेतून हलत, झेप घ्यायच्या तयारीत.

पंधरा दिवसांत जादू झाली असं सांगणार नाही. सातव्या दिवशी पुन्हा एकदा पायपुसण्यावर लघवी केली. पण पहाटेचं ओरडणं आधी साडेचारवर गेलं, मग एक दिवस आड झालं, मग थांबलं. महिन्याभरात ती फळीवर पाय पसरून झोपायला लागली. नातवाने नंतर बाजाराचं नाव काढलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका मांजरासाठी? मलाही तो प्रश्न पडला होता. पण इतिहास बघून असं वाटतं की मांजराशी आपला व्यवहार आजवर रोखीचा होता. तू उंदीर धर, आम्ही दूधभात देतो. आता तिचं काम आपण काढून घेतलं आणि नुसता दूधभात ठेवला. वर विचारतो, हिला अजून काय पाहिजे. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी रोज साडेदहाला उगाच उठून उभी राहायची. शाळेची घंटा तेव्हा होत असे. मला पेन्शन वेळेवर मिळत होती. काही कमी नव्हतं.

परवा संध्याकाळी आक्कांकडे चहाला गेले होते. सहा वाजायला आले तशी मनी फळीवरून उतरली आणि बंद दारापाशी जाऊन बसली. ओरडली नाही, नुसती बसली. मी आक्कांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "कोळणीची वेळ हाय न्हवं. रोज बसती. पाच मिन्टं बसती आन् उठती."

ते काही आम्हाला बदलता आलं नाही. आक्कांनी कप खाली ठेवला आणि त्याही दाराकडे बघत बसल्या. मग नातवाला हाक मारली, "आण रं तुझी काठी."